दोघींच्या पातळांची वाकळ

माझी मुलगी मी एकटीनं वाढवली नाही. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगते आणि सांगताना मान खाली घालत नाही. तिला मी वाढवली, भिंतीपलीकडच्या नर्सबाईनं वाढवली, आणि आम्ही दोघींनी मिळून ठेवलेल्या मेंढपाळाघरच्या एका मावशीनं वाढवली. 'वाटणीतलं पोर' असं आमच्या घरमालकीणबाई म्हणायच्या. म्हणू देत. आज ते पोर पन्नाशीला आलंय, आणि वाटणीत तिच्या वाट्याला काही कमी आलं असं तिच्याकडे बघून कुणी म्हणणार नाही.

तेव्हा मी विट्याला प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. नवरा फौजेत, वर्षातून दोन महिने रजेवर येणारा. पलीकडच्या खोलीत सरकारी दवाखान्यातली नर्स राहायची. तिचा नवरा सोनं गाळायच्या धंद्यात, लांब दक्षिणेकडच्या कुठल्याशा शहरात. तो तर वर्षातून एकदा, जत्रेलाच उगवायचा. विट्यात याचं कुणाला नवल नव्हतं. निम्म्या गावाचे कर्ते पुरुष असेच देशभर पांगलेले, आणि गाव बायकांच्या जिवावर चाललेलं. आम्हा दोघींच्या खोल्यांना भिंत एक आणि दारापुढचा ओसरीसारखा सोपाही एकच. पोरंही तीन आठवड्यांच्या अंतरानं झालेली, माझी मुलगी आणि तिचा मुलगा. ती बोलायला कमी होती. रागावली की बोलण्याऐवजी भांडी जोरजोरात घासायची, आणि मला भिंतीपलीकडून कळायचं की आज दवाखान्यात काहीतरी बिनसलंय.

माझी बाळंतपणाची रजा संपत आली तेव्हा दोघी सोप्यावर बसून नुसत्या एकमेकींकडे बघत होतो. माझं सासर कृष्णाकाठी, उसाचं घर. सासूबाई होत्या, दोन जावा होत्या, माणसांना तोटा नव्हता. पण मुलीला तिथं ठेवायचं म्हणजे एकतर मुलगी सोडायची, नाहीतर नोकरी. मला दोन्ही सोडायचं नव्हतं. असं म्हणणारी बाई तेव्हा हावरट ठरायची. मी हावरट होतेच.

बाहत्तरच्या दुष्काळाचे दिवस होते. माळावर खडी फोडायची कामं निघालेली, आणि पूर्वेकडची कोरडवाहू माणसं तिथं राबायला आलेली. त्यांतल्या एका बाईच्या पायावर दगड पडला. माझ्या आधीच कामावर रुजू झालेली नर्सबाई रोज तिची पट्टी बदलायची. पाय असा ठेचला होता की उभ्यानं काम होणं शक्यच नव्हतं. एका संध्याकाळी नर्सबाई तिला हाताला धरून सोप्यावर घेऊन आली आणि मला म्हणाली, "हिला बसूनच काम करता येईल. आपल्यालाही पोरांजवळ बसणारीच हवीय."

ती बाई पायरीवर टेकली, दोन्ही पोरांकडे बघितलं आणि म्हणाली, "पोरं बसून संबाळत्यात व्हय? कुनी सांगितलं तुमास्नी?"

पंचेचाळिशीची असेल. कवठे महांकाळच्या बाजूची, घराणं पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. दुष्काळात कळप बराचसा मेला होता. उरलेली दहा-बारा मेंढरं घेऊन नवरा आणि मोठा मुलगा चाऱ्याच्या शोधात पश्चिमेकडे उतरले होते. तिनं आम्हाला एकच अट घातली.

"माझी मेंढरं पुन्यांदा हुबी राह्यली की मी जाणार. तवा आडवायचं न्हाई."

आम्ही दोघी एकदमच 'बरं' म्हणालो. तेव्हा मेंढरं उभी राहणं हे इतकं लांबचं वाटत होतं की हो म्हणायला काहीच लागलं नाही.

मग आमचा संसार सुरू झाला. मी त्याला संसारच म्हणते. मावशींची सकाळची भाकरी माझ्याकडे, संध्याकाळची नर्सबाईकडे. दिवसा पोरं माझ्या खोलीत, कारण तिथं ऊन यायचं. नर्सबाईनं उकळलेल्या पाण्याचे नियम घालून दिले होते, मी झोपेच्या वेळांचं कोष्टक करून भिंतीला चिकटवलं होतं. मावशींना वाचता येत नव्हतं, आणि आलं असतं तरी त्यांनी वाचलं नसतं. एकदा मी कोष्टक दाखवून कुरकुर केली तर म्हणाल्या, "दोन मालकिणींचं ऐकायचं म्हंजे कुनाचंच ऐकायचं न्हाई, बाई. मंग पोरं सुखी ऱ्हात्यात."

पहिल्याच महिन्यात त्यांनी आमच्याकडे जुनी पातळं मागितली. धुतलेली चालणार नव्हती. नेसून काढलेली हवी होती. नर्सबाईला ते मुळीच पटलं नाही, जंतू वगैरे तिनं काढलंच. पण मावशींनी हट्टानं दोघींचं एकेक पातळ घेतलं, दोन्ही एकमेकांवर टाकली आणि आठ दिवस बसून एक वाकळ शिवली. टाके असे बारीक की बोट फिरवलं तरी लागू नयेत. मग दोन्ही पोरं त्याच एका वाकळेवर. मी कारण विचारलं तेव्हा त्यांनी मेंढरांचं सांगितलं. कोकराची आई मेली की त्याला दुसऱ्या मेंढीखाली लावतात. पण मेंढी नुसती लावून घेत नाही, हुंगते आणि लाथ मारते. म्हणून तिच्या अंगाचा वास त्या कोकराला लावायचा. एकदा वास बसला की ती त्याला आपलं म्हणते.

"तुमी कवा येनार, ती कवा येनार, काय नेम हाय? जी घरात आसंल तिच्यापाशी पोर गप ऱ्हायला पायजे."

मला हसू आलं होतं. आम्ही काय मेंढ्या आहोत, असंही मी म्हणाले. पण दीड महिन्यात खरोखर तसं झालं. नर्सबाई रात्रीच्या बाळंतपणाला गेली की तिचा मुलगा माझ्या कुशीत झोपायचा, आणि मी शाळेतून उशिरा आले तर माझी मुलगी तिच्या खांद्यावर. मावशी दोघांना एकाच हाकेनं बोलवायच्या. जीभ टाळूला लावून 'टर्रर्र' असा आवाज काढायच्या आणि मग 'हाऽ, हाऽ'. मेंढरांची हाक. पोरं रांगायला लागली तशी त्या आवाजासरशी खोलीच्या कोपऱ्यातून निघायची आणि त्यांच्या मांडीशी येऊन थांबायची. आपापली नावं त्यांना नंतर कळली, ही हाक आधी.

मुलगी नऊ महिन्यांची असताना मला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला सांगलीला जावं लागलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतायचं, तर एसटी वाटेत बंद पडली आणि मी थेट तिसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचले. दारातच मावशी अगदी खुशीत म्हणाल्या, "बाटलीला तोंड लावंना. मंग नर्सबाईनं पाजली. दोन्ही दिस. लय ग्वाड पेली."

खरं सांगायचं तर मी पिशवी दारातच टाकली. मी काही देवी नव्हते. नर्सबाईच्या मांडीवरून मुलीला उचलून घेतलं तर ती हसली, पण तिचा एक हात नर्सबाईच्या पदरातच होता. तो सोडवून घेताना मला स्वतःचीच लाज वाटली. नर्सबाई एवढंच म्हणाली, "रडत होती. दुसरं काय करणार?" मी चहा टाकला, दोघींनी प्याला, आणि विषय संपला असं मला वाटलं.

आमच्यापुरता संपला होता. घरमालकीणबाईंनी तो पुढे चालवला. त्यांची एक भाची माझ्या सासरच्या गावात दिलेली.

महिन्याभरानं एका रविवारी सकाळच्या एसटीनं सासूबाई आल्या. बरोबर थोरले दीर. भांडायलाच आल्या होत्या, पण रिकाम्या हातानं येण्याची त्यांची रीत नव्हती, म्हणून काखेत गुळाची ढेप होती. ढेप खाली ठेवली, पाणी नाकारलं आणि आधी मावशींकडे वळल्या.

"कुनाची बी पोरं कुनाच्या बी पदराखाली घालतीस व्हय गं?"

मावशी माझ्या मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "कुनाच्या बी न्हाई. ह्याच दोघींच्या."

"आत्याबाई, त्यांना बोलू नका," मी म्हणाले. "त्यांना मी ठेवलंय. जे बोलायचं ते मला बोला."

"तुलाच बोलाय आलीया. घरात ऊस हाय, दावणीला म्हसरं हाईत. तुला काय कमी पडलं म्हनून पोरीला परक्या जातीच्या दुधावर टाकून सांगलीला गेलीस? लेकरू टाकून जायाला काळीज झालं तरी कसं गं तुला?"

हे शेवटचं वाक्य मला लागलं. जिव्हारी लागलं, आणि मला काही लागलं की मी गप्प बसत नाही.

"तुम्ही आमच्या ह्यांना बांधावरच्या झोळीत टाकून ऊस लावत होतात. दर दिवाळीला तुम्हीच कौतुकानं सांगता."

"ते आपलं रान हुतं."

"ही माझी शाळा आहे."

थोरले दीर खाकरले. भले माणूस होते ते, त्यांना तिथं नसण्याची फार इच्छा होती. सासूबाईंनी पदर खोचला आणि निकाल दिला. मुलीचे कपडे बांध, ती आजच्या गाडीनं आमच्याबरोबर येणार. तुला शाळा करायची तर कर.

नेमका तेव्हाच नर्सबाईचा मुलगा वाकळेवर जागा झाला आणि रडायला लागला. ती दवाखान्यात अडकलेली, कुणाचं तरी बाळंतपण अडलं होतं. माझं डोकं तापलेलं होतं. दिरांना म्हणाले, "दादा, तुम्ही जरा सोप्यावर बसा." ते सुटल्यासारखे बाहेर गेले. मग मी त्या मुलाला उचललं, सासूबाईंच्या बरोब्बर समोर पाट ओढून बसले, आणि त्याला पदराखाली घेतलं. तोही लबाड असा, की एका क्षणात गप्प होऊन प्यायला लागला.

"नेताय? न्या," मी म्हणाले. "पण न्यायची तर दोन्ही न्या. सुटी सुटी मिळत नाहीत."

मावशी भिंतीकडे तोंड करून हसत होत्या, त्यांची पाठ हलताना मला दिसत होती. सासूबाई काही हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर हळूहळू खाली आली, मुलावर. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. त्या म्हणाल्या, "नीट धर त्येला. कान दुमडलाय त्येचा."

मी कान सरळ केला. त्या उठल्या आणि दुपारच्या गाडीनं निघून गेल्या. मुलगी नेली नाही. गुळाची ढेप मात्र ठेवून गेल्या. त्यानंतर दीड वर्ष माझ्याशी बोलल्या नाहीत. मी सगळं नवऱ्याला कळवलं होतं. त्याचं अंतर्देशीय पत्र आलं, त्यात दोनच कामाची वाक्यं होती. 'आईचं मन दुखवू नकोस. मुलगी तुझ्याजवळच ठेव.' फौजेतला माणूस, दोन्ही आघाड्या सांभाळून होता.

मी मात्र जिंकले होते. मुलगी माझ्याजवळ, शाळा माझी, मावशी आमच्या. घरमालकीणबाईंना मी मुद्दाम हाक मारून त्या ढेपेतला गूळ दिला.

त्यानंतरची दोन वर्षं सरळ गेली. पोरं चालायला लागली, बोलायला लागली. आम्हा दोघींनाही आई म्हणायची आणि मावशींना मावशी. सासूबाईंनी दिवाळीला फराळ पाठवला, डबे दोन होते. एक माझ्या मुलीला. दुसरा कुणाला हे त्यांनी कळवलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नाही.

त्याच दिवाळीची सुटी संपता संपता, एका रविवारी सकाळी सोप्याच्या पायरीवर एक माणूस बसलेला दिसला. डोक्याला पागोटं, खांद्यावर काळं घोंगडं, हातात काठी. मावशींचा नवरा. कळप गावाबाहेरच्या माळावर थांबला होता. चाळीसच्या वर मेंढरं झाली होती आता, आणि सगळे दरवर्षीसारखे पश्चिमेकडे चरायला निघाले होते. मी दिलेला चहा तो मुकाट्यानं प्याला. मावशी आत गेल्या आणि पाच मिनिटांत गाठोडं बांधून बाहेर आल्या. त्यांचं सामान तेवढंच होतं.

"येते मी, बाई."

नर्सबाईनं जखमेवरच्या औषधाची बाटली आणि पट्ट्या त्यांच्या गाठोड्यात घातल्या. त्यांचा पाय थंडीत अजून दुखायचा. मी मात्र दारात आडवी उभी राहिले. मी काय काय बोलले ते सगळं आठवतं, आणि त्यातलं काहीच चांगलं नव्हतं. मेंढरांना तुमचा नवरा आहे म्हणाले. मुलगा आहे, त्याची बायकोही येईल म्हणाले. असं एका दिवसात कुणी जातं का म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर काही हलेना, तसा माझा आवाज चढला.

"लेकरं टाकून जायला काळीज झालं तरी कसं तुम्हाला?"

म्हणाले आणि ऐकलं. शब्द न् शब्द सासूबाईंचा होता. फक्त बोलत मी होते.

मावशी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. गाठोडं या काखेतलं त्या काखेत घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्या शाळंला दुसरी बाई मिळाली आसती की. तरी तुमी सोडली न्हाई. सासूला काय म्हनला हुता, मी हितंच बसले हुते. 'ही माझी शाळा हाय.' ती माझी मेंढरं हाईत, बाई."

मी दारातून बाजूला झाले. दुसरं काय करणार होते? इतकी भांडकुदळ मी, सासूला उत्तर दिलं, गावाला दिलं, पण हे तर माझंच उत्तर होतं.

दोघं नवरा-बायको रस्त्याला लागली. आम्हाला वाटलं पोरं खेळण्यात आहेत. पण माझी मुलगी पायऱ्या उतरून कधी पळाली ते कळलं नाही, आणि तिच्या मागं तो. दोघं रस्त्याच्या मधून मावशींच्या पाठीमागं पळत सुटली. नर्सबाई ओरडली, मी ओरडले, दोघांची नावं घेतली. छे. मावशी वळल्या नाहीत आणि त्यांनी हाकही दिली नाही, कारण हाक दिली असती तर पोरं थेट माळावर पोचली असती. त्या नुसत्या चालत राहिल्या. घरमालकीणबाई दारात उभ्या होत्या, समोरचा शिंपी दुकानातून बाहेर आला होता, माझ्या वर्गातल्या दोन मुली हंडे घेऊन थांबून बघत होत्या.

मग मी, इयत्ता तिसरीची वर्गशिक्षिका, भर रस्त्यात उभी राहिले, जीभ टाळूला लावली आणि जोरात 'टर्रर्र' केलं. 'हाऽ, हाऽ' केलं. पहिल्यांदा आवाज फाटला. दुसऱ्यांदा नीट निघाला.

पोरं थांबली. पुढं मावशीही थांबल्या, अगदी क्षणभर, पाठमोऱ्याच. मग चालायला लागल्या. पोरं मात्र वळून परत आली आणि माझ्या पायांशी येऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईला सकाळची ड्यूटी होती आणि माझी शाळा अकराला. घरी थांबावं असं एकदा मनात आलं, नाही असं नाही. पण साडेदहाला वाकळ काखेत मारली, दोघांना दोन हातांना धरलं आणि शाळेची वाट धरली. मुख्याध्यापक दारातच उभे होते. त्यांनी पोरांकडे बघितलं, वाकळेकडे बघितलं, चष्मा काढला.

"बाई, हे काय?"

"माझी मेंढरं," मी म्हणाले, आणि आत जाऊन शेवटच्या रांगेमागं वाकळ अंथरली.